गाळातली डोकी आणि डोंगरावरची हवा : वडोद्यातल्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२४

हिमाचलातल्या तळ्याचा गाळ आज हाती आला. तळं ३,९०० मीटरच्या आसपास, झाडं संपतात त्याच्याही बरंच वर. काम छापून येईपर्यंत नाव लिहायचं नाही असं सरांचं आणि माझं ठरलंय, त्यामुळे इथे ते नुसतं 'तळं'. नळीतून काढलेल्या गाळाच्या एकेक सेंटिमीटरच्या चकत्या तिथेच कापून पिशव्यांत भरल्या होत्या. प्रत्येकीवर खोली लिहिलेली. सगळ्या फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवल्या, बुरशी धरू नये म्हणून.

प्रकल्प काय, ते एकदा सरळ लिहून ठेवते, म्हणजे मधे भरकटायला झालं की इथे परत येता येईल. कायरोनॉमिड ही डासासारखी दिसणारी, पण न चावणारी माशी. तिची अळी तळ्याच्या तळाशी चिखलात वाढते. अळीच्या चार अवस्था असतात आणि दर वेळी ती डोक्याचं जुनं कवच टाकून देते. अंग कुजून जातं, पण डोक्याचं कवच कायटिनचं असतं, ते गाळात हजारो वर्षं टिकतं. काही जातींना बर्फाळ पाणी लागतं, काहींना कोमट. कोणत्या थरात कोणाची डोकी किती, यावरून त्या काळी तिथला उन्हाळा किती उबदार होता याचा अंदाज बांधायचा.

समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवर बसून हे काम करायचंय. चालेल. गाळ इथे आलाय, सूक्ष्मदर्शक इथे आहे.

१९ जून

पहिल्या चकत्या धुतल्या. १० टक्के कॉस्टिक पोटॅश, ७० अंश, काही मिनिटं. त्यात गाळाचे गोळे सुटतात. जास्त वेळ ठेवलं तर पातळ कवचं खराब होतात, म्हणून बीकरसमोरून हलायचं नाही. मग दोन चाळण्या, वर २१२ मायक्रॉनची, खाली ९० मायक्रॉनची, आणि नळाची अगदी बारीक धार. मोठ्या अळ्यांची डोकी वरच्या चाळणीत अडकतात, लहान अवस्थेतली खालच्या.

चाळणीत उरलेलं सगळं खाचांच्या ट्रेमध्ये ओतून २५ ते ४० पट मोठं करून बघायचं आणि बारीक टोकाच्या चिमट्याने एकेक डोकं उचलायचं. आई तांदूळ निवडते तसंच, फक्त इथे खडे ठेवायचे आणि तांदूळ टाकायचा.

२ जुलै

आजचा दिवस फार चांगला गेला. ४१ सेंटिमीटर खोलीच्या चकतीतलं एक डोकं पोटाची बाजू वर करून स्लाइडवर बसवलं, युपारल या चिकट द्रावाचा थेंब, वर कव्हरस्लिप, आणि ४०० पटीवर पाहिलं. बदामी रंग, काठाला जरा गडद. खालच्या ओठाच्या जागी दातांची कमान, तिला मेंटम म्हणतात. मधला दात, दोन्ही बाजूंना उतरत गेलेले बाजूचे दात, एकही झिजलेला नाही. ही अळी मेली तेव्हा तळ्याकाठी कोणती माणसं होती, कोणती भाषा बोलत होती कोण जाणे. आणि तिचे दात मी मोजत होते.

ओळख पटते ती याच कमानीवरून आणि तिच्या दोन्ही अंगांच्या पट्ट्यांवरून. कायरोनॉमिडच्या गटांपैकी कायरोनॉमिनीमध्ये पट्ट्या पंख्यासारख्या, बारीक रेघांच्या, एकमेकींपासून लांब. टॅनिटार्सिनीत त्या रुंद आणि मधोमध जवळजवळ भिडलेल्या. ऑर्थोक्लॅडिनीत रेघा नसतात. टॅनिपोडिनी शिकारी, त्यांची दातांची रचनाच वेगळी, डोकं लांबट. आजचं डोकं ऑर्थोक्लॅडिनीतलं, हेटेरोट्रिसोक्लॅडियस असावं. हा थंड पाण्याचा प्राणी.

११ जुलै

गच्चीवर सिमेंटच्या जुन्या टाकीत पावसाचं पाणी साठलंय. तळाच्या शेवाळात लाल, बोटाच्या पेरापेक्षा लहान अळ्या वळवळताना दिसल्या. हेच ते, माशांचं खाणं म्हणून दुकानात मिळणारे ब्लडवर्म. कायरोनॉमिडमधलाच एक वंश, कायरोनोमस. लाल दिसतात कारण त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, किड्यांमध्ये ही दुर्मीळ गोष्ट. म्हणून प्राणवायू जवळजवळ संपलेल्या चिखलातही ते तग धरतात.

काचेच्या बरणीत चिखलासकट काही अळ्या घरी वाढवायला ठेवल्या. आईने बरणी देवघरापासून लांब ठेवायला सांगितली, बाकी हरकत नाही. मला त्यांनी टाकलेली कवचं हवी आहेत. जिवंत प्राण्याची कात आणि गाळातली कात शेजारी ठेवून पाहिली नाही, तर पुस्तकातल्या रेखाचित्रांवरून ओळखण्यात काही अर्थ नाही असं मला वाटतं. कायरोनोमसच्या कमानीचा मधला दात तीन तुकड्यांचा असतो. ते आता मी डोळे मिटूनही सांगेन.

२९ जुलै

शेजारच्या वाड्यातले अण्णा आज विचारत होते, "अगं, हवामान बघायचं तर परागकण बघतात ना? किडे कशाला?"

प्रश्न रास्त आहे. परागकणांचं काम जुनं आणि भक्कम. पण झाड जागचं हलत नाही. हवा उबदार झाली तरी जंगल डोंगरावर चढायला पिढ्या जातात. माशी उडते. एखादा उन्हाळा बरा गेला की ती वरच्या तळ्यावर जाऊन अंडी घालते, आणि काही वर्षांतच तळाच्या गाळात तिची डोकी पडायला लागतात.

ही गोष्ट आधी भुंगेऱ्यांनी शिकवली. इंग्लंडात बर्मिंगहॅमला रसेल कूप यांनी हिमयुगातल्या गाळातून भुंगेरे काढले आणि त्यांच्या लक्षात आलं, की लाखो वर्षांपूर्वीचे वाटावेत असे हे प्राणी नामशेष झालेलेच नाहीत. त्याच जाती आजही जगतायत, फक्त दुसऱ्या ठिकाणी. मग आजच्या त्यांच्या राहण्याच्या जागांचं तापमान काढायचं, एका थरातल्या सगळ्या जातींच्या मर्यादा एकमेकींवर ठेवायच्या, आणि जिथे सगळ्या जुळतात तेवढाच टापू घ्यायचा. अ‍ॅटकिन्सन, ब्रिफा आणि कूप यांनी १९८७ साली या रीतीने ब्रिटनचं गेल्या २२,००० वर्षांचं तापमान मांडलं. हिमयुगाच्या शेवटी हवा किती झपाट्याने तापली, ते त्यात दिसलं. झाडं तिथे मागाहून आली.

पुढे १९९१ मध्ये वॉकर आणि सहकाऱ्यांनी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याकडच्या तळ्यांतल्या कायरोनॉमिडवरून हिमयुग संपतानाची थंडीची उलटी लाट दाखवली. आल्प्समध्ये, नॉर्वेत, रॉकी पर्वतात, आफ्रिकेत रुवेन्झोरीवर अशी कामं झालीयत. अण्णांना कूप यांची गोष्ट आवडली. "म्हणजे प्राणी बदलत नाही, पत्ता बदलतो," म्हणाले.

३१ ऑगस्ट

या आठवड्यात काम बंद. विश्वामित्री नदीचं पाणी शहरभर. वीज नव्हती. विभागात पोहोचता आलं तेव्हा सर्वांत आधी फ्रीज पाहिला. पिशव्या कोरड्या, थंडावा मात्र गेला होता. सगळ्या वरच्या मजल्यावर हलवल्या, जिन्यात दोन मुलं मदतीला आली. कवचांना काही होत नाही, कायटिन असल्या चार दिवसांनी खराब होत नाही. काळजी होती ती कालमापनासाठी, म्हणजे जुन्या कार्बनवरून थराचं वय काढण्यासाठी, राखून ठेवलेल्या पानांच्या तुकड्यांची. बुरशी लागली असती तर त्यात आजचा कार्बन शिरला असता. तुकडे स्वच्छ आहेत.

खाली नदीकाठच्या लोकांचं काय झालंय ते बघून आल्यावर गाळाविषयी आणखी लिहावंसं वाटत नाही.

१७ सप्टेंबर

मोजणी. नियम असा, की एका नमुन्यात किमान ५० डोकी हवीत, नाहीतर टक्केवारीला अर्थ नाही. बऱ्याच थरांत ती मिळतात. खालच्या करड्या, वाळूमिश्रित थरांत मात्र चकत्याच्या चकत्या रिकाम्या निघतात, तिथे शेजारच्या दोन एकत्र कराव्या लागतील. डोकी बरेचदा मधोमध उभी चिरलेली सापडतात. अर्ध्याहून जास्त कमान असेल तर एक, नेमकी निम्मी असेल तर अर्धं, निम्म्याहून कमी असेल तर मोजायचंच नाही.

खालून वर येताना चित्र असं: तळाशी स्यूडोडायमेसा आणि हेटेरोट्रिसोक्लॅडियस, दोन्ही थंडीचे. मध्यावर मायक्रोप्सेक्ट्रा आणि टॅनिटार्ससची गर्दी, विविधता वाढलेली. वरच्या १२ सेंटिमीटरमध्ये थंडीचे कमी होत जातात आणि कायरोनोमस एकदम चढतो.

सर खूश झाले. आलेख पाहिला की कोणीही म्हणेल, तळं तापलं. मला अजून तसं लिहायचं नाही.

९ ऑक्टोबर

नवरात्र. संध्याकाळी विभाग लवकर रिकामा होतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकापाशी शांतता असते आणि रात्री गरब्याला जाता येतं. दोन्ही हवं.

दुपारी पदवीचे विद्यार्थी आले होते. एकाने विचारलं, आपल्याच गुजरातेत वस्तानच्या लिग्नाइट खाणीत अंबरमध्ये, म्हणजे झाडांच्या दगड झालेल्या राळेत, किडे सापडलेत, मग हिमालयातला गाळ कशाला? चांगला प्रश्न, म्हणून उत्तर इथे लिहिते. सुरत जिल्ह्यातलं ते अंबर पाच कोटी वर्षांहून जुनं आहे. २०१० मध्ये त्यावरचा मोठा शोधनिबंध आला तेव्हा जगभर चर्चा झाली, कारण भारत बेटासारखा तरंगत असताना इथले किडे बाकी जगापासून तुटले असतील ही समजूत त्याने हलवली. त्या किड्यांचे नातलग इतर खंडांतल्या प्राण्यांत निघाले. चावऱ्या चिलटांचे कितीतरी नमुने त्या राळेत अडकलेत. पण त्या जाती आता नाहीत. त्यांना कोणतं तापमान मानवायचं, ते आज जाऊन विचारता येत नाही. ते जंगल उष्ण आणि दमट होतं एवढं कळतं, अंशांत आकडा निघत नाही. माझ्या गाळातल्या प्राण्यांची भावंडं आज जिवंत आहेत, माझी सगळी भिस्त त्याच्यावर.

४ नोव्हेंबर

दिवाळीनंतरची पहिली बैठक, आणि आज चांगलाच वाद झाला. लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

प्रकल्पातला सहकारी म्हणतो, तिबेटच्या पठाराच्या आग्नेय कडेच्या १०० तळ्यांवरून चिनी संशोधकांनी जुलैच्या सरासरी तापमानाचं प्रारूप बनवलंय, ते घ्यावं, आपले आकडे त्यात घालावेत, आलेख तयार. अशी प्रारूपं आज जगभर वापरतात. आजच्या तळ्यांतले प्राणी आणि तिथलं मोजलेलं तापमान यांची सांगड घालायची, प्रत्येक जातीचं आवडतं तापमान काढायचं, मग जुन्या थरातल्या जातींची भारित सरासरी घ्यायची. चूक साधारण एक ते अडीच अंशांची येते. हे सगळं खरं आहे आणि ते १०० तळ्यांचं काम मोठ्या कष्टाचं आहे, त्याबद्दल मला आदरच आहे.

माझं म्हणणं वेगळ्या जागी आहे. माझ्या वरच्या थरांतला नायक कायरोनोमस आहे. आणि कायरोनोमस मी गच्चीवरच्या टाकीत पाहिलाय. तो ऊब मागतो, त्यापेक्षाही दुसरं कोणी टिकत नाही तिथे टिकतो. तळ्यात शेण-मूत, खत वाढलं की शेवाळ वाढतं, ते कुजताना तळाचा प्राणवायू खातं. थंडीतले नाजूक प्राणी जातात, लाल अळी उरते. पाणी अर्धा अंशही तापलेलं नसलं तरी आलेख मात्र तापल्यासारखाच दिसेल. २०१० च्या सुमारास वेले आणि इतरांनी या विषयात हाच मुद्दा जोरात मांडला होता: तापमान, खोली, प्राणवायू, अन्न, सगळे एकाच वेळी या प्राण्यांना ढकलत असतात.

प्रारूप आकडा देणारच. कुठलाही गाळ घातला तरी देईल. तो आकडा कशाचा, ते आपल्याला आधी ठाऊक हवं.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "मग दुसरा साक्षीदार आण."

१२ डिसेंबर

साक्षीदार भुंगेरे. पण नळीतल्या गाळात ते पुरेसे मिळत नाहीत, त्यांना किलोंनी माल लागतो. सुदैवाने तळ्याच्या काठच्या ओघळीत दलदली मातीचे, कुजलेल्या गवताचे थर उघडे पडलेत, तिथून पिशव्या भरून आणलेल्या होत्या. वरच्या थराचं वय गाळाच्या वरच्या भागाशी जुळतं.

पद्धत जुनी आणि मला फार आवडणारी. माल ३०० मायक्रॉनच्या चाळणीत धुवायचा, पाणी निथळू द्यायचं, मग घासलेट ओतून हाताने हळूहळू कालवायचं. किड्यांच्या कवचांना घासलेट चिकटतं, गवताच्या तुकड्यांना कमी. जास्तीचं घासलेट ओतून टाकायचं, थंड पाणी घालायचं आणि थांबायचं. कवचं तेलाबरोबर वर तरंगतात. विभागात तो वास दोन दिवस राहिला, घासलेट मिळवायलाच खरं तर जास्त फिरावं लागलं. आता ते घरोघरी नसतं.

वर जे आलं त्यात डोकी, छातीची ढाल, पंखांवरची कवचं. शेणात राहणाऱ्या अ‍ॅफोडियसची पंखकवचं लगेच ओळखू आली: काळपट तपकिरी, लांबीला समांतर रेघा, रेघांमधली जागा गुळगुळीत, बाजूने उजेड टाकला की तेल लावल्यासारखी चमक. जातीपर्यंत जाणार नाही, तेवढा माझा अधिकार नाही. वंश पुरे.

अ‍ॅफोडियसवरून आठवलं ते लिहितेच. कूप यांना इंग्लंडातल्या हिमयुगीन थरांत अ‍ॅफोडियस होल्डेरेरी नावाचा शेणकिडा भरपूर सापडला. १९७३ मध्ये त्यांनी ते छापलं. तो आज कुठे राहतो? तिबेटच्या उंच पठारावर. इंग्लंडातल्या चिखलात आपल्या हिमालयापलीकडचा किडा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हाच बहुतेक मी या विषयाची झाले.

२० डिसेंबर

काठच्या मालाची मोजणी झाली. खालच्या थरांत शेणकिड्यांचे तुकडे तुरळक, वरच्यात जागोजाग. परागकण पाहणाऱ्या मैत्रिणीला मी काही न सांगता गाळाच्या चकत्या पाठवल्या होत्या. तिचं पत्र आलं: वरच्या १२ सेंटिमीटरमध्ये स्पोरोर्मिएलाचे बीजाणू वाढलेत. ही बुरशी चरणाऱ्या जनावरांच्या शेणावर वाढते.

दोघांचं म्हणणं एक. काठावर गुरं-मेंढ्या वाढल्या, शेण तळ्यात गेलं, मग तळाचा प्राणवायू घटला असणार. कायरोनोमसच्या चढणीतला निदान काही भाग तरी हवेचा नाही, कळपांचा आहे.

हवा तापलीच नाही असं मी म्हणत नाही. हिमालयात ती तापतेय, हे उपकरणांनी मोजलंय. पण या तळ्याच्या गाळातून ते मोजायचं, तर वरचे १२ सेंटिमीटर बाजूला ठेवावे लागतील.

६ जानेवारी २०२५

सहकाऱ्याला दोन्ही आलेख शेजारी ठेवून दाखवले. त्याने बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "ताई, खालच्या भागाला तरी प्रारूप लावू." त्यावर मी तयार आहे. खालच्या थरांत शेणाची खूण नाही, प्राणी थंडीचे, तिथे तापमानाचा हात सर्वांत जड असणार. तेही लावण्याआधी एक तपासणी: आपल्या थरातल्या जातींपैकी किती त्या १०० तळ्यांत आहेत. जे थर तिथल्या कुठल्याच तळ्यासारखे नाहीत, त्यांच्यापुढे आकडा लिहायचा नाही, रिकामी जागा सोडायची. रिकाम्या जागा दिसल्या की परीक्षक प्रश्न विचारतील. विचारू देत.

२२ जानेवारी

उन्हाळ्याच्या मोहिमेचा आराखडा सरांना दिला. तळ्याच्या भोवतालची, कमी-अधिक उंचीवरची तळी निवडायची, जोड्या लावून: एकाच उंचीवरचं एक चराईचं, एक बिनचराईचं. प्रत्येकातून वरचा एक सेंटिमीटर गाळ, म्हणजे आजचे प्राणी. सोबत तळाजवळचा प्राणवायू, खोली, क्षारता, आणि वर्षभर तापमान नोंदवणारं छोटं यंत्र दगडाला बांधून. जोडीतला फरक म्हणजे गुरांचा हिशेब, उंचीचा फरक म्हणजे हवेचा. उंची चढताना तापमान हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं असं पुस्तकात असतं. हिमालयात पावसाळ्यात ते तेवढं उतरत नाही, म्हणून यंत्रं हवीतच.

सरांनी यंत्रांची संख्या कमी केली, जोड्या तशाच ठेवल्या. परवानगीचे अर्ज उद्या टपालात पडतील. मेंढपाळांशी बोलायचं कामही आराखड्यात घातलंय. कोणत्या तळ्यावर कोणाचे कळप किती वर्षं येतात ते त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसणार, आणि माझ्या वरच्या १२ सेंटिमीटरचा हिशेब त्यांच्याकडेच लागेल.